साहेबांसाठी राखलेले डांगर

निंबटेक पोलीस चौकी, तालुका शहादे, जिल्हा पश्चिम खानदेश.
रविवार, तारीख ९ मे १९४३.

जबाब देणार: तापीबाई, मयत सुकलाल दगडू माळी यांची बायको. वय अदमासे पंचेचाळीस. धंदा गोधड्या शिवणे. राहणार वरली गल्ली, निंबटेक. लिहितावाचता येते. (जमादारसाहेबांनी आधी "येत नाही" असे लिहिले होते, ते मी दाखवून दिल्यावर खोडले.)

चौकीत बोलावल्यावरून समक्ष येऊन सांगते की, मी लग्न होऊन आले तेव्हापासून वरील ठिकाणी राहते. हल्ली घरात एकटी असते. मुलगी खांडबाऱ्याला दिलेली आहे. तिला यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी पाठवले नाही, रेल्वेत गर्दी फार असते असा निरोप आला. मी शाळेत गेलेली नाही. किराण्याच्या पुड्यांचे कागद जोडून वाचायला शिकले. त्यामुळे पुष्कळ बातम्यांचा शेवट मला माहीत नाही, पण अक्षर समजते.

माझ्याविरुद्ध वरली गल्ली बाग कमिटीने फिर्याद दिली आहे की, मी आखाजीच्या दिवशी बागेच्या फाटकाचे कुलूप मोडून आत शिरले आणि प्रांतसाहेबांना दाखवण्यासाठी राखून ठेवलेले डांगर चोरून नेले. डांगर मी नेले आहे. बाकीचे खरे नाही. कसे ते सांगते.

गेल्या दिवाळीनंतर सरकारचे "अधिक धान्य पिकवा" असे कागद गावोगाव लागले. आमच्या गल्लीमागे पडीक जागा आहे, तिथे गल्लीने मिळून बाग करावी असे ठरले. गल्लीने ठरवले म्हणजे नथ्थूशेट आणि आणखी आठ पुरुषांनी ठरवले. नथ्थूशेट कापसाची दलाली करतात, ते अध्यक्ष झाले. दगा मास्तर पेन्शनीत निघालेले शिक्षक आहेत, ते चिटणीस झाले. पहिल्या सभेत कमिटीचे नाव ठरले. दुसऱ्या सभेत शिक्का कसा असावा ते ठरले. पुढच्या सभेत फावडे कोणाच्या घरून आणायचे यावर चर्चा झाली आणि ती तहकूब राहिली. तोवर माझ्या मालकांनी आणि शेजारच्या दगूबाईच्या नवऱ्याने निम्मी जागा खणून टाकली होती. तेव्हा तो विषय समाधानकारक रीतीने मिटला असे मास्तरांनी लिहून ठेवले.

बागेला फाटक आहे. सागवानी आहे, त्याला कुलूप आहे आणि किल्ली अध्यक्षांकडे असते. बागेला कुंपण नाही. लढाईमुळे तार मिळत नाही असे कमिटीचे म्हणणे आहे. आत फाटकातूनच यावे असा नियम असल्यामुळे शेट शहाद्याला गेले की आम्ही बाया डोक्यावर घागरी घेऊन फाटकापुढे उभ्या राहत असू आणि बकऱ्या बाजूने आत जाऊन चरत असत. एकदा आम्हीही बाजूने गेलो. त्याबद्दल आम्हाला समज देण्यात आली. बकऱ्यांना समज देता येत नाही, असे मास्तर म्हणाले.

यावरून जमादारसाहेबांच्या ध्यानात येईल की, त्या बागेत शिरायला कुलूप मोडावे लागत नाही. कुलूप आजही धड आहे. चोराने मोडावे इतका त्याचा त्या बागेशी संबंध नाही.

कमिटीचे नियम फळीवर रंगवून फाटकाशी लावले आहेत. गल्लीतल्या बायांमध्ये मला एकटीलाच वाचता येते, म्हणून मी ते सगळ्यांना वाचून दाखवले होते. बाग सर्वांची आहे असा पहिला नियम आहे. अध्यक्षांच्या परवानगीशिवाय कोणी काही तोडू नये, असा चौथा आहे. सातव्यात लिहिले आहे की, पाणी सकाळ-संध्याकाळ घरच्या बायकांनी घालावे, मात्र सभा दिवेलागणीला असल्याने त्यांनी सभेची तसदी घेऊ नये. हा नियम वाचल्यावर दगूबाई म्हणाली, "बरी माया करतस आपलावर." इतर बाया हसल्या. मास्तरांनी हे फाटकापलीकडून ऐकले आणि स्त्रियांनी नियमांचे आनंदाने स्वागत केले असे लिहिले.

माझ्या मालकांना मोरीकडचा शेवटचा वाफा मिळाला होता. माघात त्यांनी त्यात डांगराचे बी टोचले. पुस्तकात याला खरबूज म्हणतात, फिर्यादीत मास्तरांनी तसेच लिहिले आहे. वेल धरला तेव्हा फाल्गुन लागला होता. फाल्गुनात मालकांना ताप आला. सोमवारपासून त्यांच्या पोटात काही ठरत नव्हते. पेजही नाही. शुक्रवारी ते गेले.

कमिटीने दुखवट्याचा ठराव केला. त्याच बैठकीत नववा नियम केला की, सभासद मयत झाल्यास त्याचा वाफा कमिटीकडे जमा व्हावा, कारण सभासद घरचा कर्ता पुरुषच असतो आणि आमच्या घरात आता तो नाही. मला हे मास्तर स्वतः सांगायला आले. त्यांनी पाणीसुद्धा घेतले नाही, सुतक होते. मी विचारले, "मास्तर, वाफा जमा झाला, मग पाणी कोण घालणार?" ते म्हणाले, "पाण्याचा नियम सातवा आहे, बाई. तो बदललेला नाही." तेव्हापासून वाफा कमिटीचा होता आणि पाणी मी घालत होते. दिवस झाले की वेलाला फळ लागतेच. बाकीची बकऱ्यांनी खाल्ली, एक राहिले. ते मांडीवर घेतलेल्या तान्ह्या पोराएवढे झाले. मग कमिटीचे त्याच्याकडे लक्ष गेले आणि त्याच्या देठाला शिक्क्याची चिठ्ठी बांधण्यात आली.

जमादारसाहेब देशावरचे आहेत, त्यांना आमची रीत माहीत नसावी म्हणून सांगते. आखाजीला आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात आणि घागरीवर डांगर ठेवतात. वर्षाच्या आत गेलेल्याची पहिली घागर चुकवत नाहीत. मग परक्या घरचा एक पुरुष बोलावून त्याला पितर म्हणून पाटावर बसवतात आणि जेवू घालतात. तो जेवला की आपला माणूस जेवला. त्याला तीनदा विचारायचे असते, "धापना का?" म्हणजे पोट भरले का. त्याने तिन्ही वेळा होकार दिला म्हणजे घरच्यांनी अन्नाला हात लावायचा. एवढीच रीत आहे.

म्हणून मी कमिटीकडे अर्ज केला की, मोरीकडच्या वाफ्यातले ते डांगर माझ्या मालकांच्या घागरीसाठी मला मिळावे. अर्ज मीच लिहिला. त्यावर सभा झाली. सभेला यायची मला परवानगी नव्हती, पण आमची मागची भिंत आणि सभेचा ओटा यांत एक बोळ आहे, आणि कमिटी हळू बोलत नाही. प्रश्न असा निघाला की, बागेचा माल गल्लीत राहणाऱ्यांसाठी आहे, तर मयत इसम गल्लीत राहतो असे धरावे की नाही. यासाठी तिघांची पोटकमिटी नेमली. पोटकमिटीने ठरवले की, मयत इसम गल्लीत राहत नाही, पण आखाजीपुरता येतो असे काही लोक मानतात. दगूबाई माझ्याशेजारी भिंतीला कान लावून होती. ती म्हणाली, "मरेल मानूस कमिटीमा नही, मंग त्यानं डांगर कसं काय कमिटीमा?" मी तिला गप्प केले, कारण पुढचे ऐकू येईना.

शेवटी निकाल झाला की, आखाजीच्याच दिवशी प्रांतसाहेब बाग पाहायला येणार असल्याने डांगर त्यांना दाखवावे आणि सहानुभूती म्हणून दुसऱ्या दिवशी मला द्यावे. मास्तर हा निकाल सांगायला घरी आले. मी म्हटले, "आखाजी आदल्या दिवशी असते, मास्तर." ते म्हणाले, "पितर एक दिवस थांबू शकतात, बाई. त्यांना घाई नसते." मी विचारले, साहेब थांबू शकणार नाहीत का. तर म्हणाले, साहेबांना मोटर असते.

मी ते मान्य केले. हे मुद्दाम लिहून घ्यावे. आखाजीला सकाळी मी घागर भरली, तिच्यावर आंबा ठेवला आणि मनात म्हटले, डांगर उद्या. दगूबाईच्या नवऱ्याने पितर म्हणून बसायचे कबूल केले होते. चुलीवर खापर ठेवले, पुरणपोळ्यांची तयारी केली आणि पोळ्यांना बसायच्या आधी सातव्या नियमाप्रमाणे पाणी घालायला बागेत गेले. फाटक उघडे होते, कारण कमिटी आतच होती. दगूबाईच्या नवऱ्याला साहेबांसाठी हार देऊन फाटकाशी उभे केले होते. तो मला म्हणाला, "तापी वैनी, आते मन्हं जमाव नही. शेटनी हलाले ना सांगेल शे." हार सोडून त्याला हलता येणार नव्हते. मी त्याला बरे म्हटले.

अवजारे ठेवायला बागेत एक खोप बांधली आहे. त्यात कमिटी डांगराच्या पहाऱ्याला बसली होती आणि पत्ते खेळत होती. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आखाजीला पुरुष खेळतात हे सरकारलाही माहीत आहे. सध्या नाण्यांची मोड मिळत नाही म्हणून डावावर वांगी लावली होती. ती वांगी आमच्या गल्लीतल्या सरलाबाईच्या वाफ्यातली होती, पण तो जबाब तिने द्यावा. मी घागर खाली ठेवत असताना नथ्थूशेट म्हणाले, "आते वांगा सरनात. मोठं डांगर लावस."

मास्तर म्हणाले, "शेट, ते साहेबांना दाखवायचं आहे."

शेट म्हणाले, "दखाडी दिऊ ना. दखाडीसन काय ते झिजस का? साहेब दखी, जिकी तो खाई."

आत कोणीतरी विचारले, "आनि त्या तापीबाईले काय सांगशात?"

शेट म्हणाले, "तिले दुसरं काहीबाही दिऊ. मरेल मानूसले काय समजस, डांगर शे का दुधी शे."

मग डाव वाटला. पाने खाली पडल्याचे आवाज आले आणि डांगर मास्तरांनी जिंकले. या वेळी सहानुभूतीचा ठराव झाला नाही.

मी पाणी घातले. सगळ्या वाफ्यांना घातले, मोरीकडच्याही. नंतर खोपीच्या दाराशी गेले आणि डांगर मी नेते आहे हे सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हटले, "शेट, डांगर लई जास." शेटनी पत्त्यांतून डोके वर काढले नाही. म्हणाले, "जाय व माय, जाय. डाव चालू शे." चौथ्या नियमात अध्यक्षांची परवानगी घ्यावी एवढेच लिहिले आहे. परवानगी देताना अध्यक्षांनी मान वर करावी असे लिहिलेले नाही. मी देठाची चिठ्ठी सोडून वेलालाच बांधली, कारण ती कमिटीची होती. डांगर पदराखाली लपवले नाही. कडेवर घेऊन फाटकातून बाहेर पडले. दगूबाईच्या नवऱ्याने हार बाजूला धरून मला वाट दिली.

पुढे जे झाले ते ऐकीव आहे. मास्तर आपले जिंकलेले डांगर पाहायला उठले आणि चोरी उघडकीस आली. कमिटीची तातडीची सभा झाली. सरकारी कामासाठी राखलेला माल असल्याने पोलिसांत जावे असे ठरले. साहेब तर आलेच नाहीत. दुपार कलल्यावर पट्टेवाला आला आणि साहेबांचा दौरा पुढे गेल्याचे सांगून, हार उगीच सुकतो म्हणून, तो स्वतःच घालून परत गेला. तरी कमिटीने फिर्याद काढून घेतली नाही. जे डांगर कोणी पाहायला आले नाही ते चोरीला गेल्याचे दुःख कमिटीला आजही आहे.

मुद्देमाल कोठे आहे असे जमादारसाहेब पुन्हा पुन्हा विचारतात, म्हणून आता ते सांगते.

घरी येऊन मी आंबा काढला आणि घागरीवर डांगर ठेवले. स्वयंपाक झाला. पाट मांडला, पान वाढले. पाटावर बसायला माणूस नव्हता. गल्लीत तीन घरी विचारून आले. एकाला पोट दुखत होते. एकाचे जेवण झाले होते. एकजण खरे बोलला, म्हणाला, "शेटसंगे वाकडं नको, वैनी." सूर्य डोक्यावरून ढळला की पितर बसवत नाहीत. मी दारात उभी होते. तेवढ्यात चौकीचा शिपाई आला. त्याचे नाव मला माहीत आहे, सांगत नाही.

तो उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "माय, ते डांगर द्या. चौकीमा जमा करनं शे."

मी म्हटले, "बठ."

"मी ड्यूटीवर शे."

"मंग ड्यूटीवर बठ. सकाळपासून काही खाधेल शे का?"

त्याने आत पानाकडे पाहिले. मी त्याला सांगितले की पाटावर कोण म्हणून बसायचे आहे. तो घाबरला. म्हणाला, "मी डोंगरना, माय. आमनामा हाई रीत नही. तुमनामा मी चालसू का?"

मी म्हटले, "कमिटीले इचारी येऊ का?"

तेव्हा तो हसला. त्याने पट्टा काढून खुंटीला अडकवला. ती खुंटी फाल्गुनापासून मोकळी होती. त्याने पाय धुतले आणि पाटावर बसला.

मी पुरणपोळी वाढली, आंब्याचा रस वाढला. डांगर घागरीवरून उतरवून विळीवर चिरले. मुद्देमाल आतून केशरी होता आणि गोड होता, हे जबाबात यावे, कारण फिर्यादीत त्याचे वर्णन फक्त "मोठे" असे आहे. शिपाई आधी लाजून जेवत होता, मग भुकेने जेवला. मी समोर बसून वारा घालत होते. माशा फार होत्या.

मी पहिल्यांदा विचारले, "धापना का?" त्याने मान हलवली. मी सांगितले, मानेने चालत नाही, तोंडाने म्हण. तो म्हणाला, "धापनू." मी तरी आणखी फोडी वाढल्या. दुसऱ्यांदा विचारले, तेव्हाही तो म्हणाला, "धापनू." उरलेले सगळे डांगर मी त्याच्या पानात घातले आणि त्याने ते संपवले. तिसऱ्यांदा विचारायला मला वेळ लागला. त्या वेळात काय झाले त्याचा या गुन्ह्याशी संबंध नाही, म्हणून लिहू नये. तो पानावर हात ठेवून थांबला होता. मग मी विचारले. तो म्हणाला, "धापनू वं. आते तू जेव."

हे शेवटचे म्हणायची रीत नाही. त्याला रीत माहीत नव्हती.

मग मी जेवले.

त्याने हात धुतले, पट्टा घातला आणि तो गेला. चौकीत त्याने काय सांगितले ते मला माहीत नाही. सालपटे मी मागच्या बोळात टाकली, तिथे ती बकरीने खाल्ली. मुद्देमालापैकी आता काही शिल्लक नाही.

जमादारसाहेब म्हणतात की, फिर्याद मिटवायची असली तरी मुद्देमाल कोणी खाल्ला त्याचे नाव कागदावर आलेच पाहिजे, नाहीतर वरून विचारणा होईल. मी शिपायाचे नाव दिले तर त्याचा पट्टा जाईल, एवढे मला कळते. आणि ते नाव खरेही होणार नाही. पाटावर बसलेल्या माणसाला तेवढ्या वेळापुरते स्वतःचे नाव नसते. इथे आखाजी पाळणारा कोणीही हे सांगेल. नथ्थूशेटनासुद्धा विचारावे, त्यांच्याही वडिलांची घागर असते.

तेव्हा नाव मी देते. हे नाव मी लग्न झाल्यापासून तोंडाने घेतलेले नाही, वर जे लिहिले आहे ते पोलीस पाटलांनी सांगितले होते. आज घेते. डांगर सुकलाल दगडू माळी यांनी खाल्ले. राहणार वरली गल्ली. बी त्यांचेच होते. पोट भरले असे त्यांनी मला तीनदा सांगितले.

यापेक्षा मला काही सांगायचे नाही. जमादारसाहेबांनी सगळा जबाब मोठ्याने वाचला, नंतर मी कागद हातात घेऊन स्वतः पहिल्यापासून वाचला. मी बोलले तसाच उतरला आहे. शाईची डबी पुढे केली होती ती परत दिली, अंगठा करत नाही. खाली सही करते.

तापीबाई सुकलाल माळी